पूजेतली साखळी

शेवटची कडी एका बाजूनं इतकी झिजली होती, की चिमटीत धरली तर मोडेल असं वाटावं. पण ती मोडायची नाही, हे भवानीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी तिच्यावर चिमूटभर राख टाकली, ओल्या चिंधीनं घासलं, खिडकीच्या उजेडात धरलं. वरच्या कड्या जाड, लोहारानं वळल्या तशाच. खाली येता येता पातळ होत गेलेल्या, आणि ही सगळ्यात खालची – रस्त्यानं खाल्लेली. नंजनगूडचा रस्ता, हुणसूरचा, सरगूरचा... सगळ्यांनी मिळून थोडी थोडी खाल्लेली. उरलेलं लोखंड कापलेल्या नखासारखं, बारीक आणि वाकडं. इतकी वर्षं झाली तरी घासताना वास येतोच. तेल तर केव्हाच उडून गेलं असणार. की वास आपल्या नाकातच राहतो, आणि साखळी हातात घेतली की जागा होतो?

उद्या आयुधपूजा. बोगादीच्या या नव्या घरात देवघर म्हणजे भिंतीतलं एक कपाट, तरी तलवार त्यात आडवी बसते. घराण्यातलं कुणी कधीकाळी राजाच्या पलटणीत होतं. ती शिपाईगिरी गेली, पलटण गेली, तलवार म्यानातच गंजून गेली – पण नवमीला ती निघते, तिला हळदकुंकू लागतं, आणि तिच्या शेजारी घरातल्या कर्त्या माणसाचं त्या त्या वेळचं हत्यार मांडतात. सासऱ्यांची शिवणाची कात्री होती. मग नवऱ्याची, मालोजीरावांची, ही साखळी. आता मुलाचं, शंभूचं, कॉलेजातलं पेन, तुंगाचा लॅपटॉप. एकदा मांडलं की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लॅपटॉपच्या बाबतीत तुंगा दरवर्षी कुरकुरते, आणि दरवर्षी मांडते.

मालोजीराव तेलाचा टँकर चालवत. टँकर दामोदररावांचा, मालोजीराव नुसते ड्रायव्हर. पण पुसायचे, बोलायचे त्याच्याशी मालकासारखे. टँकर काही देवघरात आणता येत नाही. म्हणून त्याच्या मागे जमिनीवर लोळणारी ही साखळी सोडून आणायची, घासायची, मांडायची. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला भवानीनं विचारलं होतं, हे काय, आणि ते उंबऱ्यावर बसून सांगत होते – टँकर धावतो तेव्हा आतलं तेल हिंदकळतं, त्यानं वीज साठते. दिसत नाही, आवाज नाही, पण असते. ही साखळी ती जमिनीला देऊन टाकते. "नाहीतर?" तिनं विचारलं होतं. त्यांनी बोटं उघडून दाखवली – फुर्रर्र – आणि हसले. मला त्या हसण्याचा राग आला होता. तेवढं आठवतं.

"अज्जी, कॉफी. थंड होते बघ."

तुंगानं पेला टेकवला आणि शेजारी मांडी घातली. शंभूची मुलगी, दसऱ्यासाठी बेंगळूरुहून आलेली. तेल, गॅस, रसायनं इकडून तिकडं नेताना कुठं काय बिघडू शकेल, आणि बिघडलं तर काय होईल, याचा अंदाज मांडून द्यायचा, असं काहीतरी तिचं काम. मागून शंभूराव आले, खुर्ची ओढून बसले. भवानीबाईंना कळलं, दोघं ठरवून आले आहेत.

विषय पंधरवड्यापासून घरात होता. नंजनगूडच्या अलीकडे कपिला नदीच्या काठाला त्यांचं एक शेत, त्याच्याखालून तेलाची पाइपलाइन जायची होती. शेत भवानीबाईंच्या नावावर. पाइपला हरकत घ्यायची तर त्यांनीच घ्यायची, आणि ती आज संध्याकाळपर्यंत. उद्यापासून कचेरीला सुट्टी, आणि सुट्टी संपेपर्यंत मुदत टळून जाणार.

"तू सांग तिला," शंभूराव लेकीला म्हणाले. "तुझं शिक्षण ह्यालाच आहे की. आम्हालाही कळू दे, काय शिकलीस."

"अप्पा, सुम्ने इरी." गप्प बसा, म्हणून तुंगा हसली. मग आजीकडे वळून – "अज्जी, मराठीत मला एवढं येत नाही हं. मधेमधे कन्नड येईल."

"येऊ दे. तुझे आजोबा मराठीत जेवायचे, कन्नडात बोलायचे, आणि शिव्या तमिळमधून."

"शिव्या? तुझ्यासमोर?"

"मला नव्हे गं. घाटाला."

तुंगा सांगू लागली. कन्नड फारसं आलंच नाही. अडली की हातांनी दाखवायची. तेल न्यायचे तीन मार्ग – टँकर, रेल्वे, पाइप. तेवढंच तेल तेवढ्याच लांब न्यायचं धरलं, तर टँकरनं सगळ्यात जास्त माणसं मरतात. ड्रायव्हर, समोरून येणारे, रस्त्याकडेचे. रेल्वेनं पुष्कळ कमी. पाइपनं त्याहून कमी.

"मग झालं की."

"झालं नाही अज्जी. टँकर उलटला तर एक टँकरभर सांडतं, आणि सगळ्यांना दिसतं. रेल्वे क्वचित घसरते. घसरली तर एकदम कितीतरी डबे. पाइप सहसा फुटत नाही. पण बारीक भोक पडलं ना... जमिनीखाली असतं. कुणाला दिसत नाही. मोठी गळती यंत्राला कळते, बारीक कळतेच असं नाही. माती पीत राहते. मग कधीतरी कुणाच्या तरी विहिरीला वास यायला लागतो, तेव्हा समजतं."

"सिद्दम्माची विहीर तिथून हाकेवर आहे," शंभूराव म्हणाले. सिद्दम्मा त्यांचं शेत वाट्यानं करी, तिच्या आधी तिची सासू करी. "तीन घरं पितात त्या विहिरीचं. म्हणून म्हणतो, अव्वा, हरकत घेऊ."

"घेतली तर काय होईल?"

"वळवतील. कालव्याच्या कडेनं नेतील."

"तिथं कुणाची विहीर नाही?"

तुंगानं बापाकडे बघितलं.

"आणि कुणीच जाऊ दिला नाही तर?"

"तर आता जातात तसेच टँकर जातील," तुंगा म्हणाली. "जास्त जातील. तेल लागतंच ना सगळ्यांना."

भवानीबाईंनी कॉफीचा घोट घेतला. त्यांच्या मनानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं – पाइप जाऊ दे. होगली. कारण पाइपला ड्रायव्हर नसतो. पहाटे उठून कुणाला डबा करून द्यायचा नसतो, कुणाच्या वाटेकडे कान लावून बसायचं नसतं. जमिनीखाली एक नळ, त्यातून तेल आपलं आपण चाललंय... त्याला बायको नाही. याहून जास्त विचार त्यांना करावासा वाटलाच नव्हता. पण विहिरीला वास येतो, असं तुंगा म्हणाली, आणि तो वास – हा नव्हे, साखळीचा नव्हे, दुसराच, कितीतरी जुना –

भवानी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. वडील, वेंकोजीराव, चामराजनगरच्या बाजूला एका लहान स्टेशनावर होते. अरुंद रूळ, दिवसाकाठी मोजक्या गाड्या, क्वार्टरच्या मागे ओढा. पावसाळ्यात रुळाखालची माती वाहून गेली आणि घासलेटचे डबे असलेली मालगाडी कलली. कुणाला खरचटलंही नाही. गार्ड येऊन आईच्या हातची कॉफी पिऊन गेला. गावातली माणसं कळशा, घमेली, पत्र्याचे डबे घेऊन आली. दिवाळीच होती जणू, फुकटचं घासलेट. भवानीनंही एक लोटाभर आणलं आणि आईचा मार खाल्ला. मग दोन दिवसांनी ओढ्यात मासे वर आले. पोटं पांढरी. म्हशी पाण्यापर्यंत जायच्या, तोंड खाली घालायच्या आणि तशाच मागे फिरायच्या – ते तिला सगळ्यात भयंकर वाटलं होतं, तहानलेली म्हैस मागे फिरते हे. आई वाळूत झरा खणून पाणी काढायची, तरी भाताला वास. आमटीला वास. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. पलीकडच्या वस्तीतली माणसं हळूहळू घरं मोडून दुसरीकडे गेली... त्यांना कुणी मेलेले म्हटलं नाही. तुंगाच्या त्या हिशेबात ती कुठं धरत असतील? माणसं मेली – एकही नाही. असंच लिहिलं असेल.

हे मी कसं विसरले होते? विसरले नव्हते, एवढंच, की नंतर जे झालं त्याच्यापुढं ते मोजायच्या लायकीचं राहिलं नव्हतं.

"अय्यो, बघू हे?" तुंगानं भवानीबाईंच्या मांडीवरून साखळी उचलली. हातावर तोलली. लहानपणापासून ती हे दर नवमीला बघत आली होती, पण ते काय आहे हे आज जणू पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं. "टँकरची साखळी ना ही? वीज सोडायची?"

"हं."

"हल्ली कोण फार भरवसा ठेवत नाही हिच्यावर. टायरातून जाते वीज, तेवढी. आणि ही रस्त्यावर उड्या मारत असते, धड टेकतही नाही." ती मन लावून सांगत होती, जसं एखाद्या जुन्या भांड्याबद्दल सांगावं. "खरं लागतं ते तेल उतरवताना. पंपावर जमिनीत गाडलेली पट्टी असते, तिला तारेनं टँकर जोडायचा. चिमटा असतो. तो लावला नाही तर धोका. ही साखळी... असली काय, नसली काय."

"असली काय, नसली काय," भवानीबाई म्हणाल्या.

"म्हणजे तसंच काही नाही, थोडा उपयोग असेल –"

"नाही, कळलं मला."

"अव्वा, मग काय करायचं?" शंभूरावांनी घड्याळ बघितलं. "चारपर्यंत निघायला हवं मला."

"सांगते. जेवणं होऊ देत."

जेवणं झाली. तुंगा मोबाइल घेऊन आत गेली, शंभूराव हॉलमध्ये पेपर तोंडावर घेऊन पडले. भवानीबाई देवघराच्या कपाटासमोर पाट घेऊन बसल्या. तलवारीला तेलाचं बोट लावायचं होतं. ते राहिलं. साखळी पदरात होती, तिचं वजन सकाळी होतं तेवढंच असणार, पण त्यांना ती नुसतंच लोखंड वाटत होती... असली काय, नसली काय.

त्या नवमीला पूजा झाली होती. मालोजीरावांनी टँकरही धुऊन, केळीचे खुंट बांधून, कोहळा फोडून उभा केला होता; दोन दिवस सुट्टी. शंभू चार वर्षांचा, टँकरला बांधलेल्या झेंडूच्या माळा ओढत होता. दुपारी दामोदररावांचा निरोप आला – सरगूरचा पंप कोरडा पडलाय, दसऱ्याची गर्दी, बसेस उभ्या आहेत. एकच खेप, संध्याकाळपर्यंत परत. मालोजीराव देवघराच्या दाराशी आले. साखळीकडे बघितलं. तिच्यावर कुंकू होतं, फूल होतं. आणि सासूबाई – नर्मदाबाई, आत्याबाई – म्हणाल्या, "पूजेतलं आयुध उचलत नाहीत मालू. उद्या शिलंगण झालं की ने." आवाज चढवला नव्हता. नेहमीसारखंच. ते थांबले. भवानी चुलीपाशी उभी होती, तिनं बघितलं, ते थांबले... मग म्हणाले, "एक दिवसानं काय होतंय." आणि गेले.

पंपावर तेल उतरवताना पेटलं. तिसऱ्या दिवशी, दसरा ओलांडून, मालोजीराव इस्पितळात वारले. ठिणगी कशानं पडली हे कुणी सांगितलं नाही. कुणी म्हणालं विडी, कुणी म्हणालं इंजिन, पोलीस म्हणाले दैव. भवानीनं कुणाला विचारलंच नाही. तिला माहीत होतं. देवघरात कुंकवाखाली पडून होती ती वीज जमिनीला देऊन टाकणारी वस्तू, आणि तिथं कुणी ठेवायला लावली हेही माहीत होतं.

ती भांडली नाही. एक शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं सासूला हाक मारली नाही. आत्याबाई म्हणायची ती, लग्न झाल्यापासून. तो शब्द बंद झाला. जेवण वाढलं, अंग चोळलं, दुखण्यात रात्री जागल्या, पायांना तेल लावलं – नातेवाईक म्हणायचे, लेक करणार नाही एवढं सून करते. पण हाक नाही. सांगायचं ते शंभूतर्फे. शंभू, आजीला सांग पान वाढलंय. शंभू, तुझ्या आईला विचार, दूध आलं का. पोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळायचं, कधीकधी दोघी एकाच खोलीत असताना मधे उभं राहून निरोप द्यायचं आणि हसायचं, त्याला तो खेळ वाटायचा.

आणि दर नवमीला ही साखळी. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, शंभूलाच म्हणाल्या – "तुझ्या आईला सांग, ती नको मांडू." भवानीनं मांडली. घासून, लख्ख करून, तलवारीच्या शेजारी, अगदी पुढे. घरातल्या वडील बाईनं आयुधांना कुंकू लावायचं असतं. नर्मदाबाईंचं बोट साखळीपाशी आलं की थांबायचं... कापायचं... मग लावायच्या. दर वर्षी. मी बघत उभी असायची. ते बोट थांबतं का, कापतं का, हे बघायला मी उभी असायची. त्याच्यासाठीच घासायची ती इतकी. माझं सगळं बोलणं त्या साखळीत होतं, आणि त्यांना ते अक्षर न् अक्षर कळत होतं.

आणि आज पोर म्हणते – धड टेकतही नाही.

मग काय होतं? तारेचा तो चिमटा – लावला असेल त्यांनी? घाईत राहिला असेल? परत यायची घाई, शंभूला दसऱ्याचे दिवे बघायला न्यायचं कबूल केलं होतं... की पंपावर पट्टीच नसेल? की विडी? तुंगाला विचारलं तर ती सांगेल, या एवढ्या शक्यता, ही जास्त, ही कमी. नको. भवानीबाईंना विचारायचं नव्हतं. एवढी वर्षं त्या एका जागी उभ्या होत्या, पायाखालची जमीन घट्ट होती. मालोजीराव साखळीपाशी थांबले होते, तिथून सरगूरपर्यंत एक सरळ रस्ता होता. आता तो रस्ताच नाही. सासूबाईंकडून निघालेलं बोट मालोजीरावांकडे वळत होतं, तिथून दामोदररावांकडे, तिथून त्या बसेसकडे, दसऱ्याच्या गर्दीकडे... आणि कुठंच टेकत नव्हतं.

शेत नर्मदाबाईंचं होतं. त्यांच्या माहेरचं, त्यांच्या नावचं. एका दुपारी त्या बाहेरून आल्या, दमलेल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, "शंभू, तुझ्या आईला सांग, शेत तिच्या नावावर केलं." शंभूनं सांगितलं. भवानीनं ऐकलं आणि पाणी आणून ठेवलं. बस. ती विहीरही त्यांनीच खणवलेली. पहिलं पाणी लागलं तेव्हा म्हणे सगळ्यात आधी सिद्दम्माच्या सासूला प्यायला लावलं होतं – राबणारीनं आधी प्यायचं, मग मालकिणीनं. जायच्या आधी शेवटी शेवटी नर्मदाबाईंना ऐकू येईनासं झालं. तरी भवानी भात कालवून भरवायला बसली, की त्या घासाकडे बघायच्या नाहीत. तिच्या ओठांकडे बघायच्या. जणू काही हललं तर दिसेल... ते बघणं भवानीबाईंनी तेव्हा पाहिलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. आज ते समोर येऊन बसलं.

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याची धार डांबरावर पडत होती. उद्या सगळ्यांच्या गाड्यांना झेंडू.

"अव्वा." शंभूराव दारात उभे होते. शर्ट घातलेला, किल्ली हातात. "काय करायचं ते सांग. वेळ होते."

पाइप जाऊ दे म्हणावं तर ओठांशी तो भात येत होता, वास मारणारा. म्हशी मागे फिरत होत्या. हरकत घे म्हणावं तर कालव्याकडच्या कुणाची तरी विहीर. आणि पाइपच नको म्हणावं तर पहाटे कुणीतरी एक बाई उठून डबा भरत होती, उंबऱ्यावर बसून तिचा नवरा बोटं उघडून दाखवत होता. सकाळपर्यंत सोपं होतं. मेलेलं माणूस एकच होतं, आणि दोष एकीचा. आता किती माणसं आली होती खोलीत. आणि पाणी कुणाचं, जमीन कुणाची... ती तर आपली नव्हेच. ज्यांची, त्यांना विचारलं पाहिजे. एवढं साधं कसं सुचलं नाही?

त्यांनी कपाटाकडे बघितलं. तलवारीशेजारची जागा रिकामी होती. आणि ओठ हलले, आधी नुसतेच. मग आवाज आला, गंजल्यासारखा, त्यांचा त्यांनाच अनोळखी –

"आत्याबाई..."

शंभूराव किल्ली वाजवायचे थांबले. त्यांना हा शब्द आईच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नसणार. ते एक पाऊल आत आले, कपाटाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि लहानपणी निरोप घ्यायला उभे राहत तसे, दोघींच्या मधे कुठेतरी, उभे राहिले.

भवानीबाई काही सांगेनात. साखळी पदरात तशीच होती. त्या वाट बघत होत्या, मान किंचित कलती करून, उत्तर येणारच आहे अशा. आणि ते आलं तर आपल्याला ऐकू येईल का, एवढीच धास्ती त्यांना वाटत होती.